आठवा प्रश्न

पुलाच्या ऐन चढावर, पुढे चांगली चार गाड्यांची जागा मोकळी असताना, मास्तरांनी ब्रेक दाबला. ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक असतो. एकतीस वर्षांत तो त्यांनी हजारो वेळा दाबला होता, पण दर वेळी कारण समोर रस्त्यावर असायचं. मांजर, सायकल, न सांगता वळणारा ट्रक. आज कारण त्यांच्या ओटीपोटात होतं. गाडी हिसका खाऊन बंद पडली, मागून भोंगे सुरू झाले, आणि स्टिअरिंगला घोरपडीसारखी चिकटलेली शिंपीणबाई घाबऱ्या आवाजात म्हणाली, "मास्तर, माझं काय चुकलं?"

"काही नाही. सुरू करा. पूल उतरलो की डावीकडे पेट्रोल पंप आहे, तिथे घ्या."

"पण आज आपण हायवेला जाणार होतो ना?"

"डावीकडे," मास्तर म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटला, बारीक आणि विनवणीचा. पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकायला आलेल्या त्या बाईने सहा आठवड्यांत पहिल्यांदाच गाडी चढावर अजिबात मागे न घसरवता उचलली, आणि ते कौतुकाने सांगायचंही मास्तरांच्या अंगात त्राण नव्हतं. त्यांनी दोन्ही गुडघे एकमेकांवर आवळून धरले होते आणि ते मनातल्या मनात दिव्याचे खांब मोजत होते. चौदाव्या खांबाशी पंप. पंपाच्या मागच्या बाजूला, हवा भरायच्या यंत्रापलीकडे, हिरवं दार. दारात बादली आडवी ठेवलेली आणि आत झाडूवाली बाई. "पाच मिनिटं थांबा हो, फरशी ओली आहे." पाच मिनिटं ही काय चीज असते हे त्या बाईला कसं कळावं! मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दोन मिनिटं राहिले, तीन राहिले, आणि मग शरीराने त्यांना न विचारता परस्पर निकाल लावून टाकला. सगळं नाही. पेलाभरही नाही. पण राखाडी पँटवर ते दिसायला पुरेसं होतं. गंमत म्हणजे दार मोकळं झाल्यावर आत जाऊन उभे राहिले तर उरलेलं काही केल्या येईना. जे क्षणभर थांबायला तयार नव्हतं, ते आता मानपानाला अडून बसलेल्या व्याह्यासारखं हटूनच बसलं. मास्तर छताकडे बघत उभे राहिले. पाणी टपकल्याचा आवाज येत होता, तो नळाचा होता.

परत आले तेव्हा हजेरीची वही पोटाशी धरलेली, आणि तीही थोडी खाली. शिंपीणबाईने एकदाच पाहिलं. तीस वर्षं माणसांची मापं घेतलेली नजर ती, तिला दुसऱ्यांदा पाहायची गरज नव्हती. तिने गाडी सुरू केली नाही. आरसा उगाच पुसत म्हणाली, "राखाडी रंग वापरू नका मास्तर. गडद निळा घ्या, नाहीतर काळा. साठीचे निम्मे पुरुष माझ्याकडे येऊन गडद कापड मागतात. बटणं काढून चेन लावून द्या म्हणतात, लवकर उघडते म्हणून. मी कुणालाच कारण विचारत नाही."

मास्तरांनी वही आणखी घट्ट धरली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"पण त्यातला प्रत्येक जण समजतो की हे त्याच्या एकट्याचंच आहे," ती पुढे म्हणाली. "म्हणून सांगते. शिवणीवर भागवू नका. डॉक्टर गाठा." आणि मग, जणू काही झालंच नाही अशा थाटात, "आता रिव्हर्स घेऊ का?"

त्या संध्याकाळी पँट स्वतःच धुऊन वाळत घालताना मास्तरांच्या लक्षात आलं की गेली दोन-तीन वर्षं ते शहर शिकवत नव्हते, शहरातली मुताऱ्यांची वाट शिकवत होते. त्यांचे सगळे विद्यार्थी पार्किंग शिकत ते वाचनालयासमोर, कारण वाचनालयाचा तळमजला सगळ्यांना खुला होता. चढ शिकत इस्पितळाच्या मागे. गोल चौक शिकत तो सिनेमागृहाजवळचा, जिथला तिकीट फाडणारा ओळखीचा झाला होता आणि न बोलता हात हलवून आत सोडायचा. हायवे मात्र कुणी धड शिकलं नाही, कारण हायवेला अकरा किलोमीटर काही नाही. म्हणजे त्यांच्या हाताखालून गेलेली पन्नासएक माणसं शहरात झकास गाडी चालवत होती आणि हायवेला घाबरत होती, आणि त्याचं कारण मास्तरांच्या पोटात सुपारीएवढ्या कुठल्याशा जागी दडलेलं होतं. या विचाराने त्यांना हसू आलं. हसताना पोटावर ताण आला, म्हणून ते लगबगीने आत गेले.

आत उभं राहायचं, नळ सोडायचा आणि वाट बघायची. नळ सोडायची युक्ती त्यांची नव्हती, वडिलांची होती. टपाल कचेरीत पत्रं निवडणारे वडील, उंच, कमी बोलणारे. सकाळी न्हाणीघरात गेले की नळाची धार वाहत राही, आणि बाहेर तिन्ही भावंडं दप्तरं घेऊन एका पायावर नाचत असत. आई म्हणायची, ते दाढी करतायत. दिवसातून सहा वेळा कोण दाढी करतं हे कुणी विचारत नसे. पुढे एका कडाक्याच्या थंडीत वडिलांचं सगळं बंदच झालं. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, कपाळावर घाम, आणि दोन शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून जिना उतरवला. तेव्हाही त्या माणसाने एका हाताने कोटाची बटणं लावली होती. परत आले ते नळी आणि पिशवी घेऊन. त्यानंतर ते खिडकीतून पत्रं वाटणाऱ्याला बघत बसत, बाहेर कधी पडले नाहीत. त्यांना नेमकं काय झालं होतं, साधं होतं की तो दुसरा रोग होता, कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. घरात त्या दुखण्याला नावच नव्हतं. नाव नसलेली गोष्ट किती मोठी होऊन बसते हे मास्तरांना नळासमोर उभं राहिल्यावर कळत होतं. आता त्रेसष्टाव्या वर्षी ते त्याच जागी उभे होते, त्याच धारेकडे बघत, आणि बाहेरून बायको म्हणत होती, "अहो, पाणी वाया चाललंय."

जेवायला बसल्यावर त्यांनी ठरवून सांगायला तोंड उघडलं. "मला वाटतं, एकदा डॉक्टरांना..."

"मंगळवारी साडेदहा," बायको म्हणाली. "नंबर लावलाय. पँट स्वतः धुवायला तुम्ही गुपचूप साबण आणलात, तेव्हाच कळलं मला."

बायकोची अख्खी नोकरी हवामान कार्यालयात गेली होती. सकाळ-संध्याकाळ पावसाचं माप वाचायचं आणि वहीत लिहायचं, थेंब चुकवायचा नाही. अशा बाईशेजारी चौतीस वर्षं झोपून आपण काही लपवू शकतो असं वाटणं हाच खुळेपणा होता. मास्तरांना एकदम हलकं वाटलं, आणि थोडा रागही आला. इतकं सोपं होतं तर इतके दिवस का नव्हतं?

मंगळवारी त्या वेटिंग रूममध्ये बारा पुरुष बसले होते. सगळ्यांना लिटरभर पाणी पिऊन लघवी धरून ठेवायला सांगितलं होतं, त्यामुळे खोलीला परीक्षेच्या हॉलचा तणाव होता. कुणी पाय हलवत होतं, कुणी डोळे मिटून बसलं होतं. कोपऱ्यातल्या एका लठ्ठ गृहस्थाने मोठ्याने विनोद सांगायला सुरुवात केली तेव्हा समोरचे दोघं एकदम ओरडले, "हसवू नका हो!" आणि तेवढ्याने सगळी खोली हसली, आणि दोघं उठून धावले. मास्तरांना वाटलं, शिंपीणबाई खोटं बोलत नव्हती. इथे बारा जण आहेत. कागदोपत्री सगळे वेगळे, बँकेतले, सुतार, एक निवृत्त न्यायाधीश, आणि सगळ्यांच्या पँटी गडद निळ्या.

नर्सने एक छापील कागद दिला. गेल्या महिन्याभरात असं किती वेळा झालं, असे सात प्रश्न, आणि प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. पोट पूर्ण रिकामं झालं नाही असं वाटतं का? दोन तासांच्या आत परत जावं लागतं का? धार थांबून थांबून येते का? घाई आवरत नाही का? धार बारीक झालीय का? सुरू व्हायला जोर करावा लागतो का? रात्री किती वेळा उठता? आयुष्यभर दुसऱ्यांना गुण देत आलेल्या मास्तरांनी स्वतःला फार उदारपणे तपासलं. एक, एक, दोन, एक. बायकोने कागद ओढून घेतला.

"रात्री दोनदा?"

"दोन-तीनदा."

"अहो, मी शेजारीच झोपते." तिने दोनाचे चार केले. मग बाकीचेही आकडे खोडले आणि बेरीज आठावरून तेवीसवर नेली. "पस्तीसपैकी तेवीस. शाळेत असतात तर पास झाला असतात."

शेवटचा, आठवा प्रश्न गुणांच्या चौकटीबाहेर होता. यापुढचं सारं आयुष्य असंच काढावं लागलं तर तुम्हाला कसं वाटेल? खाली खुणा करायला जागा: आनंदी, समाधानी, बरं, संमिश्र, नाराज, दुःखी, भयंकर. मास्तरांचं पेन तिथे थांबलं, कारण त्यांना लेकीचं घर आठवलं. लेकीचं लग्न तिने स्वतः ठरवलं होतं, मास्तरांनी आधी नाही म्हटलं होतं, मग हो म्हटलं होतं, आणि ते हो मनापासूनचं होतं. नात सहा महिन्यांची असताना ते दोघं आठवडाभर राहायला म्हणून तिच्या गावी गेले. लहान घर, न्हाणीघराची भिंत बाळाच्या खाटेला लागून. मास्तर रात्रीतून चारदा उठले, चारदा पाणी सोडलं, चारदा बाळ रडत उठलं. चौथ्या वेळी भिंतीपलीकडून जावयाचा दमलेला आवाज आला, "परत?" एवढा एकच शब्द. तो बाळाला उद्देशून होता की त्यांना, हे मास्तरांनी विचारलं नाही. सकाळीच काहीतरी काम काढून ते परत निघाले. लेक दारात उभी राहिली होती, तिच्या कडेवर बाळ. त्यानंतर दोन वर्षं दर बोलावण्याला त्यांच्याकडे एक कारण तयार असायचं. परीक्षांचा हंगाम, गाडीचं काम, गुडघा. हळूहळू लेकीने बोलावणं बंद केलं. फोनवर ती आता हवापाण्याचं बोलते आणि फोन आईकडे देते. तिला काय वाटत असेल हे त्यांना ठाऊक होतं. बाबांनी अजून माफ केलेलं नाही. आणि ते खोडून काढायला एक साधं वाक्य पुरेसं होतं, जे त्यांच्या घरातल्या पुरुषांना दोन पिढ्या उच्चारता आलं नव्हतं.

त्यांनी 'भयंकर' वर खूण केली. बायकोने ती बघितली आणि या वेळी काही बदललं नाही.

आत गेले आणि जागच्या जागी थबकले. टेबलामागे बसलेली डॉक्टर उठून उभी राहिली. "मास्तर! ओळखलंत का? पार्किंगला दोनदा नापास झाले होते मी!"

एकोणीस वर्षांची, दोन वेण्यांची, गिअर बदलताना जीभ बाहेर काढणारी पोरगी. आता तिच्या केसांत पांढरं दिसत होतं. मास्तरांच्या मनात आलं, इथून थेट पळत सुटावं आणि त्या हायवेला लागावं. शहरात शेकडो जणांना गाडी शिकवली की असंच व्हायचं, कुठेही गेलं तरी कुणीतरी आपलं निघायचं. पण इथे?

तिला ते दिसलं असावं. ती हळू म्हणाली, "तपासणीत बोटाने आतून मूत्राशयाखालची ग्रंथी बघावी लागते. तुम्हाला अवघड वाटत असेल तर शेजारच्या खोलीत माझे सहकारी आहेत, पुरुष आहेत, मी त्यांना सांगते. मला अजिबात वाईट वाटणार नाही."

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. आणि त्यांना आठवलं, की इतक्या वर्षांत इतक्या जणांत ही एकच पोरगी होती जी गाडी सुरू करायच्या आधी तिन्ही आरसे बघायची, दर वेळी, गल्लीतल्या गल्लीत जायचं असलं तरी. नापास व्हायची ती त्यामुळेच, वेळ संपायचा. "नको," ते म्हणाले, "तूच बघ."

तिने आधी रक्त काढायला लावलं, मग तपासणी. कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन पडल्यावर मास्तरांना समोर भिंतीवर एका तळ्याचं चित्र दिसलं, त्यात एक होडी. त्यांनी होडीवर लक्ष ठेवलं. होडीत कुणीच नव्हतं. दुखलं नाही, विचित्र वाटलं, आणि होडीत कोण बसणार होतं याचा विचार पुरा व्हायच्या आत संपलंसुद्धा. दोन वर्षं ज्याच्या भीतीने काढली ते पंधरा सेकंदांचं होतं.

"अक्रोडाएवढी असते, तुमची चांगली लिंबाएवढी झालीय," हात धुताना ती म्हणाली. "पण गुळगुळीत आहे, मऊ आहे. कडक गाठ हाताला लागत नाही. वयाबरोबर वाढते ती, लघवीची वाट तिच्या मधूनच जाते, म्हणून दाबली जाते. सध्या दुसरं काही औषध चालू आहे?"

"छे. सर्दी झाली होती म्हणून चार दिवस दुकानातून गोळ्या घेतल्या, तेवढंच."

"त्याच त्या!" ती एवढ्या उत्साहाने म्हणाली की मास्तर दचकले. "काही सर्दीच्या गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड आणखी आवळतं. आधीच अरुंद, त्यात हे. बंद करा आजच. कधी पूर्ण अडली तर घरी बसायचं नाही, तडक यायचं." खुर्चीसकट उतरवलेले वडील मास्तरांच्या डोळ्यांसमोरून गेले. त्यांनी मान हलवली.

मग यंत्रात लघवी करायची होती. एक मोठं नरसाळं, खाली कागदावर सरकणारी पेनाची टोकदार सुई. धार चांगली असली की कागदावर टेकडी उमटते म्हणे. मास्तरांचं लांबच लांब पठार आलं. सोनोग्राफीत दिसलं की सगळं झाल्यावरही आत अर्धा ग्लास शिल्लक राहतंय. "म्हणून परत परत जावं लागतं," डॉक्टर म्हणाली. "रक्ताचा रिपोर्ट गुरुवारी. आकडा वाढलेला आला तरी तो रोगच असं नसतं, पण बघायला हवा. तोवर दोन दिवस डायरी ठेवा. किती प्यालात, कधी गेलात, किती झाली. मोजून."

मोजून म्हटल्यावर बायकोचा चेहरा उजळला. घरी आल्याबरोबर तिने स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं काढून त्यावर लाल दोरा बांधला, वहीला रकाने आखले, आणि अठ्ठावीस वर्षं पावसाला दिली होती तेवढीच इज्जत तिने नवऱ्याच्या लघवीला दिली. "सहा वाजून दहा, एकशे वीस. सात पंचेचाळीस, नव्वद. तुरळक सरी," ती वाचून दाखवायची. पण बुधवारी दुपारी मास्तरांचं आकड्यांकडे लक्ष लागेना. गुरुवार जवळ येत होता. गॅलरीत बसून समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरींकडे ते बघत राहिले. गुळगुळीत, ती म्हणाली होती. पण रक्त वेगळं बोललं तर? लाल दोऱ्याचं भांडं, वडिलांचा कोट, लेकीची कडेवर बाळ घेतलेली आकृती, सगळं एकमेकांत मिसळत होतं.

बायको शेजारी येऊन बसली. तिने वही मिटून मांडीवर ठेवली. मग एकदम म्हणाली, "मी शिंकले की मलाही होतं."

"काय?"

"थोडंसं. लेकीच्या जन्मापासून. सर्दी झाली की घडी घालून कापड ठेवते."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. लेक बत्तीस वर्षांची होती. "आणि मला आत्ता सांगतेस?"

"तुम्ही कुठे विचारलंत?" ती म्हणाली, आणि हसू आवरायच्या नादात तिला शिंक आली. दोघंही क्षणभर एकमेकांकडे बघत स्तब्ध झाले. "गेलं," ती म्हणाली. मास्तर इतके हसले, इतके हसले की त्यांनाही उठून धावावं लागलं, आणि धावता धावता ते ओरडले, "वहीत लिही! वहीत लिही!"

गुरुवारी डॉक्टरने कागद त्यांच्यासमोर फिरवून ठेवला आणि आकड्यावर बोट टेकवलं. वयाच्या आणि ग्रंथीच्या मानाने ठीक होता. तो दुसरा रोग असल्याची काही खूण नव्हती. वर्षाने पुन्हा बघायचं. रात्री जेवल्यावर एक गोळी, आणि पहिले काही दिवस अंथरुणातून एकदम उठायचं नाही, चक्कर येते. संध्याकाळनंतर चहा बंद. "थोड्या दिवसांत फरक वाटेल," ती म्हणाली. "नाहीच पडला तर पुढचे उपाय आहेत. पण पठाराची छोटी टेकडी तरी होईल, मास्तर." मास्तर तिच्या टेबलाच्या कडेला हात टेकून उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. "रिव्हर्स येतो का आता नीट?" त्यांनी विचारलं. "अजून नाही," डॉक्टर म्हणाली.

बाहेर ऊन होतं. बायको औषधाच्या दुकानात गेलेली, आणि इस्पितळाच्या पायऱ्यांवर मास्तर एकटे. त्यांनी फोन काढला. गोळी अजून दुकानातच होती, पोट पूर्वीइतकंच अर्धवट भरलेलं, शरीरात काडीचा फरक पडला नव्हता. तरी त्यांनी लेकीचा नंबर लावला.

"बाबा? आई बरी आहे ना?" त्यांनी स्वतःहून फोन केला म्हणजे वाईट बातमी, इथवर गोष्ट आली होती.

"आई बरी आहे. मला लघवीचा त्रास आहे," मास्तर म्हणाले. एका दमात, पायऱ्यांवरच्या दोन माणसांनी वळून पाहिलं इतक्या मोठ्याने. "तीन वर्षं झाली. सारखं जावं लागतं. तुझ्याकडे रात्री चारदा उठलो, बाळ चारदा रडलं, मला लाज वाटली. म्हणून पळून आलो. म्हणून येत नव्हतो. दुसरं काहीही नव्हतं. कधीच नव्हतं."

मग लेकीने फोन बाजूला धरून कुणाला तरी हाक मारली. "अरे ऐक! बाबा रागावले नव्हतेच! त्यांना लघवीचा त्रास होता!" आणि लांबून जावयाचा आवाज, खरोखर गोंधळलेला, "दोन वर्षं?" लेक हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "बाबा, मी तुमच्याबद्दल काय काय समजून बसले. मी ह्याच्याशी भांडले तुमच्यावरून. तुम्ही साधं सांगायचं होतंत हो!"

"आता सांगितलं ना."

"कधी येताय?"

"शनिवारी," मास्तर म्हणाले. "वाटेत चार-पाच ठिकाणी थांबत येऊ, त्यामुळे उशीर होईल. आणि रात्री मी उठणार."

"उठा हो! इथे तरी कोण झोपतंय? हिला सध्या आम्ही तेच शिकवतोय, सगळं घर दर तासाला न्हाणीघरात असतं." मग फोनवर धडपड, श्वासांचा आवाज, आणि अगदी जवळून एक बारीक, तपासनिसाचा आवाज आला. पावणेतीन वर्षांची नात त्यांच्याशी पहिल्यांदाच आपण होऊन बोलत होती.

"आजोबा, तू शू सांगतोस?"

मास्तर पायरीवर खाली बसले.

"हो," ते म्हणाले. "आता सांगतो."